कमी फिरलेली गाडी : एका बीएस-६ डिझेल मोटारीच्या खरेदीचे आणि दुरुस्तीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नाशिकमधील एका कुटुंबाचे आहे. ओळख पटू नये म्हणून गाडीची कंपनी, मॉडेल आणि संबंधितांची नावे वगळली असून रकमा जवळच्या शेकड्यात दिल्या आहेत. जुन्या गाड्या व्यवहारापूर्वी तपासून देणे हे माझे काम आहे. या प्रकरणात मात्र गाडी माझ्यासमोर आली ती व्यवहार होऊन तीन महिने उलटल्यावर, त्यामुळे पुढील हकिगतीचा पहिला भाग खरेदीदाराने सांगितलेला आणि त्याच्याकडच्या बिलांवरून पडताळलेला आहे.

खरेदीदार नोकरदार आहेत. घर इंदिरानगरात, कार्यालय घरापासून सात किलोमीटरवर आणि मूळ गाव चांदवड तालुक्यात, म्हणजे मुंबई-आग्रा महामार्गाने एका बाजूचे साधारण ६५ किलोमीटर. महिन्यातून एखादी गावाची फेरी धरली, तरी वर्षाचे चालवणे सहा हजार किलोमीटरच्या पुढे जात नव्हते. आधीची पेट्रोल हॅचबॅक अकरा वर्षे वापरून त्यांनी २०२४ च्या जूनमध्ये विकली आणि आठ लाखांच्या आतील, उंच बैठकीची, सेकंडहँड गाडी शोधायला सुरुवात केली.

समोरच्या तीन गाड्या

शोध तीन गाड्यांवर येऊन थांबला. पहिली २०२० ची डिझेल, ८१,००० किलोमीटर फिरलेली, किंमत ६ लाख ३५ हजार. द्राक्ष निर्यातीच्या कामासाठी तिचा मालक दर आठवड्याला नाशिक-मुंबई करत असे आणि सर्व सर्व्हिसिंगची बिले त्याने फाइल करून ठेवली होती. क्लच मात्र संपत आला होता आणि चारही टायर बदलायचे होते. दुसरी त्याच वर्षाची पेट्रोल, ४४,००० किलोमीटर, ६ लाख ९० हजार. तिसरी ऑक्टोबर २०२० मध्ये नोंदलेली डिझेल, २३,४०० किलोमीटर, ७ लाख ४० हजार.

तिसरी गाडी एका एजंटाकडे होती. मूळ मालक निवृत्त गृहस्थ. रंगाला ओरखडा नाही, सीटवरचे प्लॅस्टिकही पुरते निघालेले नाही, टायर कंपनीचेच. एजंटाने जे वाक्य टाकले ते खरेदीदाराला आजही शब्दशः आठवते : “साहेब, काका गाडी फक्त भाजी आणायला काढायचे.”

हे वाक्य खोटे नव्हते, आणि माझ्या मते सगळ्या व्यवहारातील सर्वांत महत्त्वाची तांत्रिक माहिती त्याच वाक्यात होती. ती धोक्याची सूचना आहे हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नव्हते आणि ऐकणाऱ्यालाही.

‘गाडी किती फिरली’ हा प्रश्न आपल्याकडे पिढ्यानुपिढ्या विचारला जातो आणि जुन्या बांधणीच्या गाड्यांसाठी तो योग्यच होता. पंप, नोझल, पिस्टन रिंगा हे सारे झिजत जाणारे भाग. कमी फिरलेली म्हणजे कमी झिजलेली, इतका सरळ हिशेब. (मीटर मागे फिरवण्याचा धंदा चालतो तो याच हिशेबाच्या जोरावर.) १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ या प्रदूषणाच्या मानकांनंतर डिझेल गाडीपुरता तरी हा हिशेब बिघडला आहे. या गाड्यांत असा एक भाग आहे, जो न पळवल्याने खराब होतो.

खरेदीदाराने इंधनाचाही विचार केला होता. नाशिकमध्ये त्या वेळी पेट्रोल १०४ रुपयांच्या आसपास आणि डिझेल ९१ च्या आसपास होते. वर्षाला सहा हजार किलोमीटर, पेट्रोलला लिटरमागे १४ आणि डिझेलला १७ किलोमीटर असे धरले, तर डिझेलमुळे वर्षाकाठी साधारण साडेबारा हजार रुपये वाचतात. दोन्ही गाड्यांच्या किमतीतील ५० हजारांचा फरक भरून निघायलाच चार वर्षे लागणार होती. हे गणित त्यांनी कागदावर मांडले होते, तरीही ‘डिझेलची ओढ वेगळीच’ आणि ‘गाडी जवळजवळ नवीच आहे’ या दोन गोष्टींनी निर्णय फिरवला.

तपासणी म्हणून चार किलोमीटरची एक चक्कर झाली, ओळखीच्या मेकॅनिकने बॉनेट उघडून आवाज ऐकला आणि अपघाताच्या खुणा नाहीत असे सांगितले. ऑगस्ट २०२४ मध्ये ७ लाख ४० हजारांत व्यवहार झाला. कागदांच्या बाजूने काही कमी नव्हते : मालकी नावावर करण्याचे फॉर्म २९ आणि ३० वेळेत दाखल झाले, गाडीवर कर्ज नव्हते, विमाही कायद्यात सांगितलेल्या चौदा दिवसांच्या आत नावावर करून घेतला गेला. कागद चोख असल्याने गाडीही चोख असणार असा एक भाव मनात तयार झाला, असे खरेदीदार स्वतःच म्हणाले.

डीपीएफ आणि त्याची गरज

पुढचे समजण्यासाठी एक भाग नीट पाहायला हवा. बीएस-४ मध्ये डिझेल मोटारीला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कणप्रदूषणाची मुभा होती. बीएस-६ ने ती ४.५ मिलिग्रॅमवर आणली. ही मर्यादा पाळण्यासाठी धुराच्या वाटेवर डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर बसवावा लागला. आत मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची घरे असतात. प्रत्येक घर एका टोकाला बंद, त्याच्या शेजारचे दुसऱ्या टोकाला बंद, त्यामुळे धुराला सच्छिद्र भिंतीतून झिरपूनच बाहेर पडावे लागते आणि काजळी भिंतीवर राहते.

साठलेली काजळी वेळोवेळी जाळावी लागते. गाडी महामार्गावर बराच वेळ चालली तर धुराच्या उष्णतेने काही काजळी आपोआप जळते. शहरात तेवढी उष्णता मिळत नाही. मग गाडीचा संगणक स्वतः रीजनरेशन सुरू करतो, म्हणजे सिलिंडरमध्ये उशिरा थोडे जादा डिझेल सोडून धुराचे तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत नेतो. हे काम साधारण पंधरा ते पंचवीस मिनिटे चालते. दरम्यान चालकाने गाडी बंद केली, तर काजळी अर्धीच जळते आणि त्या जादा डिझेलचा काही अंश सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून इंजिन ऑइलमध्ये उतरतो.

भाजी आणायला तीन किलोमीटर जाणाऱ्या गाडीत चार वर्षे काय घडत गेले असेल, याची आता कल्पना यावी.

चुकीच्या दिशेने गेलेले सहा आठवडे

सप्टेंबरमध्ये, गणेशोत्सवाच्या दिवसांत, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला : एक नळी, तिच्या मध्यावर डबा आणि डब्यात ठिपके. गाडीसोबत मिळालेली पुस्तिका ग्लोव्ह बॉक्समध्ये होती, पण ती कोणी उघडली नाही. ओळखीच्या मेकॅनिकने आपल्या लहान स्कॅनरने गाडीच्या संगणकात नोंदलेला बिघाडाचा कोड पाहिला, “सेन्सरचा प्रॉब्लेम असतो साहेब, सगळ्याच बीएस-६ ना होतो,” असे म्हणून तो पुसून टाकला. दिवा गेला. आठ दिवसांनी पुन्हा आला.

दुसऱ्या फेरीनंतर खरेदीदाराने गाडीच्या संगणकाला जोडायचे ९०० रुपयांचे एक ओबीडी अॅडॅप्टर मागवले आणि मोबाइलवरील अॅपमधून कोड पुसायला स्वतःच शिकले. दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घातली, त्या सकाळीही दिवा लागलेला होता आणि पूजेआधी त्यांनी तो मोबाइलवरून घालवला. हे सांगताना ते हसले, पण या प्रकरणातील सर्वांत महाग सवय हीच ठरली.

मध्यंतरी शेजाऱ्यांनी बरोबर सल्ला दिला होता : डीपीएफचा दिवा आहे, हायवेवर पळवा म्हणजे जाईल. खरेदीदार एका रविवारी चौथ्या गिअरवर, ताशी ८० च्या वेगाने चांदवडपर्यंत जाऊन आले. दिवा गेला नाही. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की फिल्टरच संपला असावा. निष्कर्ष चुकीचा होता, पण त्यामागचे निरीक्षण फार मोलाचे होते, कारण महामार्गावर दीड तास चालूनही रीजनरेशन होत नाही, याचा अर्थ ते सुरू होण्यालाच काहीतरी आड येत आहे. हा प्रश्न त्या वेळी कोणीच विचारला नाही.

दिवाळीसाठी गावी निघाले असता ओझर ओलांडल्यावर गाडी लिंप मोडला गेली, म्हणजे बिघाड पाहून संगणकाने इंजिनाची ताकद रोखून धरली. अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला, तरी इंजिन अडीच हजार फेऱ्यांपुढे जाईना, वेग पन्नासवर अडकला आणि मागून कंटेनरचे हॉर्न. पिंपळगावच्या अलीकडे बाजूला थांबून त्यांनी पुन्हा मोबाइलवरून कोड पुसला, गाडी थोडी सुधारली आणि कुटुंब नाशिकला परत आले.

दुसऱ्या दिवशी गाडी एका अधिकृत वर्कशॉपमध्ये गेली. तिथे काजळीचा भार मर्यादेबाहेर असल्याने यंत्राद्वारे सक्तीचे रीजनरेशन करता येणार नाही, असे सांगण्यात आले आणि डीपीएफ बदलण्याचा १ लाख २८ हजार रुपयांचा अंदाज हातात पडला. वॉरंटी संपलेली होती.

समोरचे पर्याय

या टप्प्यावर गाडी माझ्याकडे आली. चार वाटा होत्या.

नवा डीपीएफ बसवणे ही पहिली. ती अधिकृत होती, पण जुना का तुंबला हे कळले नसताना नवा बसवणे म्हणजे गटार तुंबलेले ठेवून फरशी पुसण्यासारखे होते.

दुसरी वाट एका ट्यूनिंगवाल्याने सुचवली होती : डीपीएफ आतून पोकळ करायचा, संगणकातील मॅप, म्हणजे इंजिन चालवणारी आज्ञावली, बदलून दिवा कायमचा बंद करायचा, खर्च २८ हजार. “पीयूसीलाही काही होत नाही,” ही त्याची हमी. दुर्दैवाने त्यात तथ्य आहे, कारण आपल्याकडे डिझेल गाडीच्या पीयूसी तपासणीत धुराची घनता पाहिली जाते आणि ज्या सूक्ष्म कणांसाठी डीपीएफ बसवला जातो, ते त्या तपासणीत मोजले जात नाहीत. तरीही मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही आणि कलम १८२अ नुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. खरेदीदाराने ही वाट सोडली ती दंडाच्या भीतीने नव्हे. त्यांच्या मुलीला दमा आहे आणि गाडी घराच्याच पार्किंगमध्ये सुरू होते.

तिसरी वाट गाडी आहे तशी विकण्याची. कोड पुसून, दिवा विझवून ती सहज विकली गेली असती. कदाचित ती त्यांच्याकडे तशीच आली असेल.

चौथी वाट म्हणजे आधी कारण शोधायचे, मग फिल्टर काढून यंत्रावर स्वच्छ करून पाहायचा. माझा कल तिकडे होता, पण फिल्टरचे सिरॅमिक आतून तडकलेले असेल तर हा खर्च वाया जाईल, हे मी आधीच स्पष्ट केले होते.

निदान

सर्वांत आधी ऑइलची डिपस्टिक काढली. पुसून पुन्हा घातली आणि बाहेर काढली, तेव्हा ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर होते. बोटांवर घेतले तर पाण्यासारखे पातळ, आणि नाकाशी नेल्यावर पंपावर येतो तो डिझेलचा वास. मागचे सर्व्हिसिंग होऊन चार हजार किलोमीटर झाले होते. इतक्या दिवसांत ऑइल थोडे कमी होणे समजू शकते, वाढणे नाही.

नंतर स्कॅनर लावला. केवळ कोड न वाचता चालत्या गाडीतील आकडे पाहायचे ठरवले आणि गाडी महामार्गावर नेली. गॅरेजचा कारागीर शेजारी मांडीवर स्क्रीन घेऊन बसला होता. शहरातून द्वारका चौकापर्यंत रखडत जाताना कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, तापमान ७९ अंशांपर्यंत चढले. आडगाव ओलांडून ८० चा वेग धरल्यावर ते उतरू लागले : ७४, ७०, ६७, आणि ६४ वर स्थिर झाले.

“सर, थर्मोस्टॅट उघडा पडलाय,” कारागीर म्हणाला.

थर्मोस्टॅट हा इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधला झडपेसारखा भाग. इंजिन तापेपर्यंत त्याने बंद राहायचे असते. तो उघड्या स्थितीत अडकला, की कूलंट सतत रेडिएटरमधून फिरत राहते, समोरून वारा लागला की इंजिन थंड पडते आणि रहदारीत वारा थांबला की तापते. या इंजिनाचे तापमान ८८ अंशांच्या आसपास राहायला हवे होते. इंजिन पुरेसे तापलेले नसेल तर संगणक रीजनरेशनला परवानगीच देत नाही. म्हणजे महामार्गावर, जिथे काजळी जळायला हवी, तिथे इंजिन थंड. आणि शहरात जेमतेम तापून रीजनरेशन सुरू झाले, की घर आलेले आणि गाडी बंद. चांदवडची फेरी का फुकट गेली आणि ऑइल का वाढले, या दोन्हींचे उत्तर एकाच ठिकाणी मिळाले.

डॅशबोर्डवरील तापमानाच्या पट्ट्यांत एक पट्टी कमी दिसत होती. ती आधीपासूनच तशी असावी.

इथे कोड पुसण्याच्या सवयीकडे परत यावे लागते. इंजिन अपेक्षेइतके तापत नसल्याचा पी०१२८ हा ठरलेला कोड आहे, पण तो पक्का होण्यासाठी बिघाड लागोपाठच्या दोन फेऱ्यांत दिसावा लागतो. दिवाळीत रस्त्याकडेला कोड पुसून गाडी दुसऱ्याच दिवशी वर्कशॉपमध्ये गेल्याने तिथे केवळ डीपीएफचा कोड उभा होता. माझ्याकडे आली तेव्हा आठवडाभर काही पुसलेले नव्हते आणि पी०१२८ यादीत होता. वर्कशॉपने चालत्या गाडीतील आकडे पाहायला हवे होते हे खरेच, पण त्यांच्यासमोरचा पुरावा मालकाने स्वतःच्या हाताने पुसला होता. ज्या ९०० रुपयांच्या अॅडॅप्टरने तो पुसला, त्याच अॅडॅप्टरवर कूलंटचे तापमानही पहिल्या दिवसापासून दिसू शकले असते.

केलेले काम

क्रमाबाबत थोडा वाद झाला. नव्या ऑइलमध्ये पुन्हा डिझेल मिसळू नये म्हणून खरेदीदाराला ऑइल शेवटी बदलायचे होते. कारागिराने मात्र वर चढलेल्या ऑइलवर इंजिन तापवायला नकार दिला. ते ऑइल हवेच्या वाटेने ओढले गेले, तर डिझेल इंजिन त्यावरच अनियंत्रित धावू शकते. त्याचे म्हणणे मान्य झाले. आधी ऑइल आणि ऑइलचा फिल्टर बदलले, ५,६०० रुपये. मग बाहेरच्या आवरणासकट थर्मोस्टॅट आणि कूलंट, ४,२०० रुपये. डीपीएफ उतरवून यंत्रावर धुणे आणि परत बसवणे, १७,५०० रुपये. डीपीएफच्या दोन्ही बाजूंच्या दाबातील फरक मोजणाऱ्या सेन्सरच्या दोन रबरी नळ्यांपैकी एक कडक होऊन चिरत आली होती, ती आणि तपासणीची मजुरी मिळून ६,२००. एकूण ३३,५०० रुपये.

ऑइल निवडताना आणखी एक गोष्ट कळली. वॉरंटी संपल्यावर आधीच्या मालकाने बाहेर सर्व्हिसिंग करून घेतले होते आणि बिलावर साधे डिझेल ऑइल लिहिलेले होते. डीपीएफ असलेल्या गाडीला कमी राख सोडणारे ऑइल लागते, कारण काजळी जळून जाते पण ऑइलची राख जळत नाही. यावेळी पुस्तिकेत सांगितलेल्या सी३ दर्जाचे ऑइल घातले.

परिणाम

दुरुस्तीनंतर महामार्गावर कूलंट ८८ ते ९० अंशांवर स्थिर राहिले आणि त्याच फेरीत एक रीजनरेशन सुरू होऊन पूर्ण झालेले स्क्रीनवर दिसले. डीपीएफमधील दाबाचा फरक बराच उतरला, पण नव्या फिल्टरइतका खाली आला नाही. जुन्या राखेचा काही भाग आत असावा. एक हजार किलोमीटरनंतर ऑइलची पातळी तपासली, ती खुणेवरच होती.

डिसेंबर २०२५ पर्यंत गाडी सुमारे साडेसहा हजार किलोमीटर चालली. दिवा एकदाच लागला, भर पावसाळ्यात, दोन महिने गावाला जाणे झाले नव्हते तेव्हा. पिंपळगावपर्यंत जाऊन येताच तो गेला. कुटुंबाने आता दर दुसऱ्या रविवारी गाडी अर्धा तास महामार्गावर नेण्याचा नेम ठेवला आहे. त्या फेऱ्यांचे डिझेल धरले, तर पेट्रोलच्या तुलनेत होणारी बचत आणखी घटते. नुसता दुरुस्तीचा खर्चच जवळजवळ पावणेतीन वर्षांच्या बचतीएवढा होता.

वेगळे काय करता आले असते

सात किलोमीटरच्या नोकरीसाठी पेट्रोल गाडी घ्यायला हवी होती, याबाबत माझे मत ठाम आहे. डिझेलच घ्यायची असती, तर ८१,००० किलोमीटर फिरलेली पहिली गाडी मी निवडली असती. तिचा क्लच आणि टायर हे उघड, किंमत ठरवता येण्याजोगे खर्च होते आणि मालकाशी घासाघीस करताना ते वजाही करून घेता आले असते. तिच्यात वेगळे काही निघाले नसते, असा मात्र दावा मी करणार नाही.

चाचणीची फेरी चार किलोमीटरऐवजी तीस किलोमीटरची, त्यातली निम्मी तरी महामार्गावर आणि स्कॅनर लावून व्हायला हवी होती. कूलंटचे तापमान, शेवटच्या पूर्ण रीजनरेशननंतरचे अंतर आणि शेवटचे कोड पुसल्यानंतरचे अंतर या तीन आकड्यांत ही गाडी उघडी पडली असती. शेवटचा आकडा विशेष महत्त्वाचा, कारण तो पंधरा-वीस किलोमीटरच दाखवत असेल, तर गाडी दाखवण्याआधी कोणीतरी काहीतरी पुसले आहे असे धरून चालता येते.

या गाडीबाबत तो आकडा आता मिळण्यासारखा नव्हता. एजंटाकडे भरपाई मागावी का, असे खरेदीदाराने मला विचारले होते. व्यवहाराच्या चिठ्ठीवर ‘आहे त्या स्थितीत’ असे लिहिलेले होते, तेवढ्यावरून दावा आपोआप संपतो असे नाही. पण बिघाड विक्रीच्या वेळी होता आणि विकणाऱ्याला तो माहीत होता, हे दाखवायला हाती काहीच उरले नव्हते. ऑगस्टमधली नोंद, असलीच तर, सप्टेंबरमध्ये मेकॅनिकच्या स्कॅनरने पुसली आणि त्यानंतरच्या नोंदी खरेदीदाराच्या मोबाइलने. मेकॅनिकने पहिल्यांदा कोड पाहिला, त्या स्क्रीनचा साधा फोटोही कोणी काढलेला नव्हता. त्यांनी तो विषय सोडून दिला.